पंचवीस मिनिटांचा हिशेब

२५ मिनिटे काम, ५ मिनिटे विश्रांती. असे चार फेरे झाले की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. ‘पोमोदोरो’ या इटालियन नावाने जगभर पसरलेल्या पद्धतीचा एवढाच अर्थ आज बहुतेकांना ठाऊक असतो. पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठांतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली, घरून काम करणारे संगणक अभियंते, प्रबंधाचे एखादे प्रकरण अडून बसलेले संशोधक अशा अनेकांच्या मोबाइलमध्ये या पद्धतीवर बेतलेले एखादे अ‍ॅप सापडते. लक्ष लागत नाही ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावरचा स्वस्तातला उपाय म्हणून हे टायमर लोकप्रिय झाले आहेत. त्यांचे गोडवे गाणारे लेखन भरपूर मिळते. मूळ पद्धत काय होती, तिला पुरावा कितपत आहे आणि अ‍ॅपमध्ये येताना तिचे काय झाले, हे तपासणारे लेखन त्या मानाने कमी. तेवढे काम या लेखात करायचे आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मूळ पद्धतीत कागद मुख्य होता आणि घड्याळ दुय्यम. अ‍ॅप तयार करणाऱ्यांनी घड्याळ उचलले आणि कागद मागे ठेवला. त्यामुळे आपले काम समजून घेण्याचे एक साधन, आपण किती तास बसलो हे दाखवण्याचे साधन होऊन बसले. हा बदल वरवर किरकोळ दिसतो. ज्याच्या उमेदीची पाच-सहा वर्षे या तासांच्या बेरजेवर उभी आहेत, त्याच्यासाठी तो किरकोळ नाही.

टोमॅटो आणि कागद

फ्रांचेस्को चिरिल्लो हा इटालियन तरुण १९८०च्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठात शिकत होता. अभ्यास होत नव्हता, परीक्षा समोर होत्या. त्याने स्वतःशीच पैज लावली : १० मिनिटे, फक्त १० मिनिटे, आपल्याला खरोखर अभ्यास करता येतो का? वेळ मोजायला त्याने स्वयंपाकघरातले, पीळ देऊन लावायचे घड्याळ घेतले. ते टोमॅटोच्या आकाराचे होते आणि टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात. पैज लगेच जिंकता आली नाही, हे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. पुढे प्रयोग करत तो २५ मिनिटांवर स्थिरावला. ही पद्धत त्याने आधी छोट्या पुस्तिकेच्या रूपात मांडली. २०१८ मध्ये तिची नवी ग्रंथरूप आवृत्ती आली.

हे पुस्तक शांतपणे वाचले तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. घड्याळाबद्दल त्यात सांगण्यासारखे फार नाही; बराचसा मजकूर तक्त्यांबद्दल आहे. एक यादी पुढे-मागे करायच्या सगळ्या कामांची, दुसरी फक्त आजच्या कामांची, आणि तिसरा कागद नोंदींचा. काम सुरू करण्यापूर्वी त्याला किती फेऱ्या लागतील याचा अंदाज लिहायचा. पूर्ण झालेल्या प्रत्येक फेरीची फुली मारायची. दिवस संपला की अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक मांडायचा. एखादे काम पाच-सात फेऱ्यांच्या पुढे जाणार असेल तर त्याचे तुकडे पाडायचे; एका फेरीपेक्षाही लहान असेल तर तशी दोन-तीन कामे एकत्र बांधायची. व्यत्ययांचीही नोंद आहे. मधेच आपल्याच मनात काही आले – चहा प्यावा, अमक्याला फोन करावा – तर एक छोटी टिंबासारखी वरची खूण, आणि कुणी बाहेरून हाक मारली तर आडवी रेघ. आठवड्याने कागद पाहिला की काम कुणी मोडले, लोकांनी की आपणच, ते दिसते.

अनुभवी गवंडी भिंतीकडे पाहून विटा किती लागतील ते सांगतो. शिंपी माणूस पाहून कापड सांगतो. डोक्याने काम करणाऱ्यांना आपल्या कामाचा असा अंदाज सहसा नसतो. एक प्रकरण लिहायला दोन दिवस लागतील म्हणतो आणि दोन महिने जातात. चिरिल्लोने स्वतः जे हेतू सांगितले त्यांत पहिला हाच आहे : एखाद्या कामाला किती कष्ट पडतात हे कळणे. टोमॅटो ही त्याची वीट होती. त्याच्या पद्धतीचे खरे मोल मला इथे दिसते.

दोषही नोंदवायला हवेत. पुस्तकाच्या आरंभी तो काळाविषयी थोडे तत्त्वज्ञान सांगतो आणि त्यासाठी फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ याचे नाव घेतो. बर्गसाँचा सारा झगडा घड्याळाने पाडलेल्या सारख्या तुकड्यांशी होता. जगलेला काळ असा कापून शेजारी शेजारी मांडता येत नाही, हे त्याच्या १८८९च्या ग्रंथाचे सार आहे. त्याच्याच नावाने सुरू होणाऱ्या पुस्तकात ‘पोमोदोरो अविभाज्य आहे, अर्धा किंवा पाव पोमोदोरो नसतो’ असा नियम यावा, हे विचित्र आहे. नियम व्यवहारात उपयोगी असेल; बर्गसाँचा आधार त्याला मिळत नाही.

पंचवीसच का?

या आकड्यामागे विज्ञान आहे असे सर्रास सांगितले जाते. ते कुठले, हे पाहू.

सर्वांत जुना दाखला नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचा दिला जातो. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर पाणबुड्यांच्या खुणा शोधणाऱ्या सैनिकांच्या नजरेतून खुणा निसटत. त्याने एक प्रयोग रचला : एक काटा टप्प्याटप्प्याने सरकतो, मधूनच दुप्पट उडी मारतो, आणि ती उडी दिसली की कळ दाबायची. हे दोन तास चालायचे. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने दाखवले की पहिल्या अर्ध्या तासातच निसटलेल्या उड्यांचे प्रमाण लक्षणीय वाढते. यावरून ‘माणसाचे लक्ष अर्धा तासच टिकते’ असे सूत्र तयार झाले. पण त्या प्रयोगात बहुतेक वेळ काहीच घडत नाही. रखवालदारासारखे नुसते पाहत राहायचे असते. राज्यघटनेचे प्रकरण वाचणे किंवा गणित सोडवणे हे काम त्या जातीचे नाही.

दुसरा दाखला २०११ मधला, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातला. आरिगा आणि येरास यांनी ५० मिनिटांचे एक कंटाळवाणे काम लोकांना दिले. ज्यांना मधे दोनदा अगदी थोडा वेळ वेगळे काही करायला लावले, त्यांची कामगिरी उतरली नाही, बाकीच्यांची उतरली. विश्रांतीच्या बाजूने हा पुरावा आहे. २५ या आकड्याच्या बाजूने तो नाही.

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा अभ्यास २०२३ मध्ये नेदरलँड्समधून आला. ८७ विद्यार्थ्यांना त्यांचाच खरा अभ्यास करायला सांगून तीन गट केले. एका गटाने हवी तेव्हा विश्रांती घ्यायची. दुसऱ्याने २४ मिनिटांनंतर ६ मिनिटे. तिसऱ्याने १२ मिनिटांनंतर ३ मिनिटे. मनाप्रमाणे थांबणाऱ्यांनी सलग जास्त वेळ अभ्यास केला आणि सुट्ट्याही लांबवल्या. त्यांना थकवा अधिक जाणवला, लक्ष जास्त उडाले, उत्साह कमी राहिला. मात्र काम किती पुरे झाले, यात तिन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे ठरलेल्या विश्रांतीने दिवस कमी त्रासाचा जातो, पण काम जास्त होते असे दिसले नाही. शिवाय १२ मिनिटे आणि २४ मिनिटे यांतले एक काही खास उजवे ठरले नाही.

‘५२ मिनिटे काम आणि १७ मिनिटे विश्रांती’ हा आकडाही समाजमाध्यमांवर फिरतो. तो २०१४ मध्ये डेस्कटाइम या कंपनीने दिला. ही कंपनी कर्मचाऱ्यांचा संगणकावरचा वेळ मोजणारे सॉफ्टवेअर विकते आणि आकडा तिच्याच ग्राहकांच्या नोंदींतून काढलेला होता. काही वर्षांनी त्याच कंपनीने पुन्हा हिशेब केला तेव्हा आकडे आले ११२ आणि २६. सात वर्षांत माणसाचा मेंदू दुप्पट दमदार झाला नाही. लोक घरून काम करू लागले होते. असे आकडे कामाच्या परिस्थितीचे असतात, निसर्गनियमाचे नसतात.

घटिका आणि पोमोदोरो

इथे एका घरगुती मोहाचाही समाचार घ्यावा लागेल. आपली घटिका २४ मिनिटांची, पोमोदोरो २५चा. तेव्हा ‘पूर्वजांना हे आधीच ठाऊक होते’ असे सांगणारे भेटतात. घटिकापात्र पुष्कळांनी जुन्या लग्नांत पाहिले असेल किंवा त्याविषयी ऐकले असेल. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. ती भरून बुडाली की घटिका भरली. पण घटिकेचे २४ मिनिटे हे मान आले ते अहोरात्राचे ६० भाग केल्यामुळे. घटिकेची पुन्हा ६० पळे. लक्ष किती वेळ टिकते याचा त्या भागाकाराशी संबंध नाही. जोशीबुवांची वाटी मुहूर्त चुकू नये म्हणून होती. मुलाने किती पाठ केले हे ती मोजत नव्हती. लीलावतीच्या लग्नाची आख्यायिका सर्वांना माहीत आहे : मोती छिद्रात अडकला आणि मुहूर्त टळला. त्या कथेतही घटिका एका क्षणाची वाट पाहते आहे. दोन आकडे जवळ आले एवढ्यावरून वारसा सिद्ध होत नाही.

घड्याळ कुणाच्या हातात

कामाचे तुकडे करून ते घड्याळाने मोजण्याचा खरा पूर्वज शोधायचा तर अमेरिकेतल्या कारखान्यांत जावे लागते. फ्रेडरिक टेलर याने बेथलेहेम पोलाद कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मजुरांच्या हालचाली स्टॉपवॉचवर मोजल्या. कच्च्या लोखंडाच्या लाद्या दिवसाला १२.५ टन वाहणाऱ्या मजुराने ४७.५ टन वाहाव्यात, असे त्याने ठरवले. यात विश्रांतीचेही वेळापत्रक होते. केव्हा वाहायचे आणि केव्हा बसायचे हे मजुराला वरून सांगितले जाई. १९११च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणारे कामगार स्टॉपवॉच पाहताच काम सोडून बाहेर पडले. प्रकरण अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेले, आणि १९१५ मध्ये लष्करी कारखान्यांत स्टॉपवॉच वापरून काम मोजण्यासाठी सरकारी पैसा खर्च करायला बंदी झाली.

मुंबईतही वेळेचा प्रश्न कामगारांनीच ऐरणीवर आणला. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारनियुक्त आयोगापुढे गेले. मागण्या होत्या : रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला सुरू झालेले काम सूर्यास्ताला बंद. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडले. टेलरच्या मजुराला विश्रांती मालक नेमून देत होता. लोखंड्यांच्या कामगारांना ती मागून, सह्या गोळा करून मिळवावी लागली. दोन्हीकडे घड्याळ मात्र दुसऱ्याच्या हातात होते.

चिरिल्लोच्या टोमॅटोची बाजू इथे मान्य करायला हवी. त्याला पीळ देणारा हात काम करणाऱ्याचाच आहे. नोंदीचा कागद त्याच्याच टेबलावर राहतो. अंदाज चुकला तर कुणी दंड करत नाही. स्टॉपवॉच मुकादमाकडून काढून कामगाराच्या हाती देणे, ही लहान गोष्ट नाही. मोकळ्या वेळात ही पद्धत वापरू नका, असेही तो स्पष्ट बजावतो. मुकादमाला असे बजावण्याची गरज कधी वाटली नव्हती.

अ‍ॅप काय मोजते

आता अ‍ॅपकडे येऊ. यांतले सर्वांत देखणे ‘फॉरेस्ट’. तैवानच्या एका कंपनीने ते २०१४ मध्ये काढले. टायमर लावला की पडद्यावर रोप लागते. वेळ पुरी होईपर्यंत दुसरे अ‍ॅप उघडले नाही तर त्याचे झाड होते, उघडले तर रोप मरते. जमवलेल्या नाण्यांतून एका संस्थेमार्फत खरी झाडे लावण्याचीही सोय आहे. कल्पना गोड आहे आणि फोनला सतत हात जाणाऱ्याला तिचा उपयोग होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण हे झाड कशावर वाढते ते पाहा. फोनला हात लागला नाही, एवढीच त्याची अट. पुस्तकावर डोके टेकून डुलकी काढली तरी झाड डेरेदार होते. अ‍ॅप फोनची राखण करते. मनाचे काय चालले आहे हे त्याला कळायचा मार्ग नाही.

दुसरा प्रकार गटाने अभ्यास करण्याच्या अ‍ॅपचा. कोरियातून आलेले वायपीटी हे त्यांतले आपल्याकडच्या विद्यार्थ्यांमध्ये माहीत असलेले नाव. गटातले कोण या क्षणी अभ्यासाला बसले आहे आणि आज कुणाचे किती तास झाले, हे त्यात सगळ्यांना दिसते. खोली घेऊन एकट्याने राहणाऱ्या मुलीला रात्री अकरा वाजता आणखी चौघी जाग्या आहेत हे दिसणे, हा मोठा आधार असतो. पण त्याच पडद्यावर तासांनुसार क्रम लागतो, आणि क्रम लागला की मुकादम परत येतो. या वेळी तो आपल्याच वयाच्या, आपल्याच परीक्षेला बसलेल्या मुलांच्या रूपात येतो. मग जेवताना टायमर चालू ठेवणे, सोपा विषय पुन्हा पुन्हा वाचत तास भरून काढणे सुरू होते. मराठीत याला पाट्या टाकणे म्हणतात. आधी पाट्या टाकल्या जात त्या दुसऱ्याच्या कामावर. इथे त्या स्वतःच्या आयुष्यावर टाकल्या जातात.

चिरिल्लोच्या कागदावर ज्या तीन गोष्टी होत्या – आधीचा अंदाज, व्यत्ययाची खूण आणि अंदाज-प्रत्यक्षातला फरक – त्या अशा अ‍ॅपमध्ये एक तर नसतात किंवा कुणी उघडत नाही अशा कोपऱ्यात असतात. समोर राहते ती बेरीज : आज ११ तास ४० मिनिटे. या बेरजेतून ‘काय आले, काय अजून येत नाही’ हे कळत नाही.

धोका पुढे आहे. जागा थोड्या आणि उमेदवार अफाट, अशा परीक्षेत तयारी चांगली असणारेही पुष्कळ जण मागे राहतात. निकालात नाव नसले की हातात तासांचा आकडा उरतो. गावी आई-वडिलांना सांगायला तोच, स्वतःची समजूत घालायलाही तोच. आणि अ‍ॅपचे म्हणणे ठरलेले असते : उद्या आणखी जास्त. लक्ष न लागण्याचे कारण पत्र्याखालची उकाड्याची खोली असू शकते, मेसचे थकलेले पैसे असू शकतात, घरी बहिणीचे लग्न अडलेले असू शकते. टायमरच्या भाषेत यांतले काहीही मांडता येत नाही. तिथे कारण एकच, तुम्ही. चिरिल्लोच्या आडव्या रेघेत निदान बाहेरच्या जगाला जागा होती.

कोणत्या कामाला कोणते घड्याळ

सगळे काम एका मापाने मोजायचे ठरवले की घोळ होतो. माझ्या रोजच्या कामातला दाखला देतो. मोडी कागद वाचणाऱ्याला ठाऊक आहे की नवा रुमाल सोडला की पहिली वीस-पंचवीस मिनिटे त्या कारकुनाच्या वळणाशी डोळा जुळवण्यातच जातात. त्याचा ‘ब’ कसा, ‘र’ कुठे गुंतवतो, शब्द कुठे तोडतो. वळण बसले की कागद बोलू लागतो. नेमकी त्याच वेळी घंटा वाजवणारे यंत्र मला नको असते. तेच कागद वाचून झाल्यावर नावांची सूची करायची असेल, तर टायमरसारखा सोबती नाही. ते यांत्रिक काम असते, त्यात डोळे चुकतात, आणि ठरलेल्या वेळी उठल्याने चुका कमी होतात. गणिताची अवघड सिद्धता आणि चालू घडामोडींची उजळणी यांतला फरकही असाच आहे. सुरुवातच होत नसेल तर दहा मिनिटांची पैज कुठल्याही कामाला चालते. लक्ष एका जागी ठेवणे ज्यांना मुळातच जड जाते, अशांना बाहेरून वाजणारी घंटा खरोखर उपयोगी पडते. सुरू झालेल्या, रंगात आलेल्या कामावर मात्र घंटेची सत्ता चालू देऊ नये.

तेव्हा निष्कर्ष असा. २५ या आकड्यात काही जादू नाही; १२, २४, ४० यांपैकी जो कामाला मानवेल तो घ्यावा. विश्रांती आधी ठरवलेली असावी, कारण तिने थकवा कमी होतो एवढे पुराव्याने म्हणता येते. टायमर मोबाइलचा असो की स्वयंपाकघरातला, त्याच्याशेजारी एक वही असावी आणि तिच्यात तीन रकाने : काय करायचे ठरवले, किती वेळ लागेल वाटले, प्रत्यक्षात काय झाले. तासांची बेरीज करायचीच असेल तर ती चौथ्या रकान्यात करावी, आणि तो रकाना दुसऱ्या कुणाला दाखवू नये. अभ्यासिका चालवणाऱ्यांनी भिंतीवर तासांचे तक्ते लावण्यापेक्षा अशा वह्या मुलांच्या हाती द्याव्यात. खर्च वीस-पंचवीस रुपयांचा आहे. पाच वर्षांनी परीक्षेने काही दिले नाही, तरी आपल्याला कुठले काम किती वेळात येते, कशाने मोडते आणि कशाने जमते, हे त्या वहीत लिहिलेले असेल. दुसऱ्या कुठल्याही कामाला लागताना ते उपयोगी पडते.